वळताना गेलेला गुडघा आणि म्हापशातलं एक फिजिओथेरपी सेंटर

मी कळंगुटच्या बाजूला एका हॉटेलात हाउसकीपिंगला आहे, राहते डिचोलीत. ज्या सेंटरबद्दल लिहिते आहे तिथे मी 2024 च्या फेब्रुवारीपासून मेपर्यंत 22 वेळा गेले. एका वेळेचे 400 रुपये, सगळे माझ्या खिशातून. त्यामुळे जे लिहिते ते पैसे मोजून, बसचे धक्के खाऊन आलेलं मत आहे. सेंटरचं नाव इथे देत नाही, कारण तिथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनीच तशी विनंती केली. त्या आणि त्यांची एक मदतनीस, दोघीच आहेत. गर्दी वाढली तर प्रत्येक पेशंटला पाऊण तास देता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटलं. म्हापशाच्या कदंब बसस्टॅण्डपासून चालत सात-आठ मिनिटं. ज्याला खरोखर गरज आहे त्याने मला विचारावं, पत्ता देईन.

आधी गुडघा कसा गेला ते सांगते, कारण मॅडमची सगळी ट्रीटमेंट त्या एका क्षणावर उभी आहे.

जानेवारी महिना, सीझन भरात. माझ्या वाट्याला 14 खोल्या. तिसऱ्या मजल्यावरची चेकआऊट रूम, दोन वाजता नवे गेस्ट येणार. खिडकीकडच्या बाजूला पलंग आणि भिंत यांच्यात जेमतेम दीड फूट जागा. त्या फटीत अर्धी बसून मी चादरीचा कोपरा गादीखाली दाबत होते. एका हाताने गादी वर धरायची, दुसऱ्या हाताने चादर आत सारायची. उजवं पाऊल साइड टेबलाच्या पायाला टेकून घट्ट रुतलेलं. तेवढ्यात कॉरिडॉरमधून मैत्रिणीने मास्टर की मागितली. मी उठता उठता दाराकडे वळले. अंग वळलं, पाऊल तिथेच राहिलं. गुडघ्याच्या आत जाड कापड टरकावं तसं काहीतरी झालं. आवाज आला की नुसतं जाणवलं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

त्या दिवशी मी उरलेल्या पाच खोल्या पूर्ण केल्या. पाय टेकत होता, दुखत होतं, पण चालता येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर गुडघ्याची वाटी दिसेना, इतकी सूज. सासूबाई म्हणाल्या, "कितें जालें गो?" आणि तेल गरम करायला गेल्या.

कामावर सांगितलं तेव्हा मला तीन प्रश्न विचारले. पडलीस का? घसरलीस का? अंगावर काही पडलं का? तिन्हींचं उत्तर नाही. मग अपघात कसला, गुडघेदुखी घरचीच असणार, वय झालं की होतं. माझं वय तेव्हा 43. रजेच्या अर्जावर कारण लिहिलं गेलं, गुडघेदुखी. अपघाताच्या नोंदवहीत एक अक्षर नाही. मीही गप्प बसले, कारण मलाही तेव्हा तेच वाटत होतं. नुसतं वळल्याने कुणाचा पाय मोडतो का?

दोन आठवडे तेल, बाम आणि क्रेप बँडेज यांत घालवले. मग एमआरआय झाला. गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या मेनिस्कसला, म्हणजे हाडांमधल्या कूर्चेच्या गादीला, मागच्या भागात फाट. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघा वाकवून, फिरवून बघितला. तो मध्येच अडकत नाही ना, पूर्ण सरळ होतो ना, एवढं पाहिलं आणि म्हणाले, ऑपरेशनची घाई नको, आधी दीड-दोन महिने नीट व्यायाम करा. आधी मी घराजवळच एका ठिकाणी गेले. सहा दिवस मशीन लावलं. पंधरा मिनिटं पॅड चिकटवायचे, गुदगुल्या होतात, वेळ संपली की घरी. दुखणं तासभर कमी व्हायचं. त्या सहा दिवसांत एकानेही मला विचारलं नाही की मी काम काय करते.

म्हापशाला पहिल्या दिवशी मशीनला हातच लावला नाही. मॅडमनी समोर बसवलं आणि विचारलं, "ताई, सूज लगेच आली की दुसऱ्या दिवशी?" म्हटलं, दुसऱ्या दिवशी. त्यांनी लिहून घेतलं. नंतर समजावलं की आतला मोठा लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा, तुटला तर बहुतेक वेळा तास-दोन तासांतच गुडघा फुगतो, कारण आत रक्त साठतं. मेनिस्कसची सूज हळूहळू चढते. मग विचारलं, दिवसाला किती वेळा गुडघ्यावर बसता? मला सांगता येईना. अकरा वर्षं हे काम करते आहे आणि मी कधी मोजलंच नव्हतं. म्हणाल्या, कामावर कुणाला तरी मोजायला सांगा.

मैत्रिणीने मोजलं. एका पलंगाचे चार कोपरे, 14 खोल्या म्हणजे 56. त्यात पलंगाखाली वाकून बघणं, कमोडची मागची बाजू पुसणं, शॉवरची जाळी साफ करणं, ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यातून टॉवेल काढणं. आकडा नव्वदच्या वर गेला. आणि यातल्या प्रत्येक वेळी उठणं आहे, उठता उठता वळणं आहे.

मग मॅडमनी कपाटातून खरी डबल बेडची चादर काढली, ट्रीटमेंटच्या खाटेवर टाकली आणि म्हणाल्या, "घाला." मी संकोचले. बाजूच्या खुर्चीवर एक पोदेर, म्हणजे पाववाले, बसले होते, सायकलवरून उतरताना घोटा मुरगळलेले. मी चादर घातली, कोपरा दाबला, उठले. मॅडम मोबाइलवर व्हिडिओ काढत होत्या. नंतर हळू करून दाखवला. मी स्वतःला काम करताना पहिल्यांदाच बघितलं. प्रत्येक कोपऱ्याला मी उजव्या पायावर बसते, उजव्याच पायावर उठते आणि गुडघा पूर्ण सरळ व्हायच्या आत कमरेतून डावीकडे फिरते. पाऊल जमिनीला चिकटून. ते बघताना माझ्या पोटात कसंतरी झालं.

मॅडमनी टॉवेलची गुंडाळी हातात घेऊन समजावलं. गुडघा हा मुख्यतः दाराच्या बिजागरीसारखा आहे, मागेपुढे जाण्यासाठी. थोडासा पीळ तो सहन करतो, तोही वाकलेला असताना. पण वाकलेल्या गुडघ्यावर सगळं वजन असताना पाऊल अडकलं आणि वरचं अंग फिरलं, तर मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये मेनिस्कस जात्यात सापडावा तसा सापडतो. प्रत्येक गुडघ्यात असे दोन, चंद्रकोरीच्या आकाराचे. बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, आतल्या कडेला जवळपास नसतो. म्हणून आतल्या कडेची फाट आपोआप जुळून येत नाही, पण भोवतीचे स्नायू बळकट केले तर बहुतेकांचं दुखणं जातं आणि काम करता येतं. हे त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगितलं. फाट जाईल असं खोटं आश्वासन दिलं नाही. माझ्या लेखी या सेंटरचा पहिला मोठा गुण हाच.

दुसरा गुण, व्यायाम माझ्या कामातून काढलेले होते. सुरुवातीचे दोन आठवडे साधे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, मांडी घट्ट करून दहापर्यंत मोजायचं. पाय सरळ ठेवून उचलायचा. कुशीवर झोपून वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडायचा, त्याने कुल्ह्याचा बाजूचा स्नायू तयार होतो. गुडघा आत कोसळतो तो कुल्हा कच्चा असल्यामुळे, हे मला तिथेच कळलं. मग खुर्चीतून हात न टेकता उठायचं. आधी खुर्चीवर दोन उशा, मग एक, मग नुसती खुर्ची, शेवटी एक बुटकं स्टूल.

आणि मग वळणं. ते शिकायला मला तीन आठवडे लागले. मॅडमचं एकच वाक्य, "पाऊल आधी, अंग मागून." आधी पाऊल उचलून नव्या दिशेला टाकायचं, मग अंग त्याच्या मागे न्यायचं. जमिनीवर खडूने घड्याळाची तबकडी काढली होती, त्यावर बारा वाजता उभं राहून तीन वाजता पाऊल टाकायचं, मग सहा. ऐकायला सोपं. पण हातात गादीचं वजन असताना, कुणीतरी हाक मारत असताना, ते सुचत नाही. म्हणून त्या मध्येच दारातून मोठ्याने माझं नाव घ्यायच्या. पहिल्या आठवड्यात दर वेळी मी कमरेतूनच फिरले. एका दिवशी नाव ऐकलं, माझं पाऊल आपसूक उचललं गेलं आणि मदतनीस मुलीने टाळ्या वाजवल्या.

गादीचा कोपरा दाबायची पद्धतही बदलली. आता मी फटीत शिरतच नाही. आधी पलंग भिंतीपासून हातभर ओढून घेते, त्याला चाकं आहेत. गुडघ्याखाली स्पंजची गादी ठेवते. एका खोलीत उजवा गुडघा, दुसऱ्या खोलीत डावा. घरचंही विचारलं. आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून नारळ किसते म्हटल्यावर टेबलाला बसवायची किसणी घ्यायला सांगितलं. बसमध्ये चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. डिचोली-म्हापसा मार्गावरच्या खासगी बसची पायरी किती उंच असते ते रोज जाणाऱ्यालाच माहीत. अस्नोड्याला एकदा उलटा पाय टाकला आणि दोन दिवस भोगलं.

तिथल्या बाकड्यावर बसून मी जे बघितलं त्याने माझं मत पक्कं झालं. तिथे आलेले बहुतेक लोक कुठून पडलेले नव्हते. एक तरुण पिकअपच्या मागून दारूचे खोके उतरवत होता. खाली उतरून लगेच पुढे निघायला टाच उचलली आणि त्याला वाटलं, मागून कुणी पोटरीवर दगड मारला. मागे वळून बघतो तर कुणीच नाही. पोटरीचा स्नायू फाटला होता. एक शाळेतल्या बाई, रोज सहा तास टाइल्सवर सपाट चपलेत उभ्या, सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखं दुखायचं. एक मुलगा सुपरमार्केटच्या शिडीवरून शेवटची पायरी आहे असं समजून उतरला, पायरी नव्हती. चालणं, वळणं, उठणं, उतरणं, एवढंच यांनी केलं होतं, पण कामावर असताना, दिवसात शेकडो वेळा, घाईत. त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाने मला सांगितलं की कामावर कुणालाही कळवलेलं नाही, कारण सांगायचं काय?

एकदा एक बाई आल्या, डाव्या पोटरीला सूज, हात लावला तर गरम, बरेच दिवस अंथरुणाला खिळून होत्या. मालिश करून द्या म्हणाल्या. मॅडमनी मालिश केलंच नाही. रिक्षा बोलावून सरळ पेडेच्या जिल्हा रुग्णालयात पाठवलं, शिरेत रक्ताची गाठ असू शकते, चोळलं तर ती सुटून वर जाईल म्हणाल्या. फीही घेतली नाही. ज्याला कुठे थांबायचं ते कळतं त्याच्या हाती पाय द्यायला मला भीती वाटत नाही.

आता मॅडमनी मला लिहून दिलेल्या एका पत्राबद्दल. माझा पगार 21,000 च्या आत आहे, म्हणून दर महिन्याला त्यातले 0.75 टक्के ईएसआयला, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेला, जातात, मालकाकडून 3.25 टक्के. माझा दीर एका फार्मा कंपनीत युनियनचं काम बघतो. त्याने मला समोर बसवून हिशेब मांडला. साधं आजारपण म्हणून रजा घेतली तर भत्ता मजुरीच्या 70 टक्के, तोही वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस. कामावरची इजा म्हणून नोंद झाली तर 90 टक्के, आणि कामावर परतता येईपर्यंत. माझी दिवसाची मजुरी 580 धरली तर एका दिवसाला 116 रुपयांचा फरक. मी 47 दिवस घरी होते. म्हणजे 5,452 रुपये. "गुडघेदुखी" या एका शब्दाची ती किंमत होती.

त्यानेच दाखवलं की तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या ईएसआय कायद्यात 51-ए म्हणून एक कलम होतं. कामाच्या ओघात अपघात झाला आणि उलट पुरावा नसला, तर तो कामामुळेच झाला असं धरायचं. त्यात पडलंच पाहिजे, घसरलंच पाहिजे, असं काही नव्हतं. पण हे एचआरसमोर मांडायला माझ्याकडे शब्द नव्हते. ते मॅडमनी दिले. त्यांनी लेटरहेडवर चार ओळी लिहिल्या. रोगाचं निदान त्यांनी केलं नाही, ते डॉक्टरांच्या कागदावर होतंच. त्यांनी फक्त हालचाल लिहिली. उजवं पाऊल अडकलेलं, गुडघा वाकलेला, हातात गादीचं वजन, शरीर डावीकडे वळलं. कामाच्या एका पाळीत ही हालचाल नव्वदहून जास्त वेळा होते, असं मोजणीसकट. डॉक्टरांच्या कागदासोबत मी ते दिलं. मार्चमध्ये अपघाताचा फॉर्म 12 भरून गेला, दोन महिने उशिरा का होईना, आणि जूनमध्ये पैसे खात्यात आले. त्या पत्राचे त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत.

कुणी विचारेल की ईएसआय असताना खिशातून का खर्च केलास. मडगावला ईएसआयचं हॉस्पिटल आहे, पण डिचोलीहून दोन बस बदलून, सुजलेला पाय घेऊन, आठवड्यातून तीनदा मडगाव गाठणं मला शक्य नव्हतं. दक्षिणेकडे राहणाऱ्यांनी आधी तिथेच जावं.

उणिवा आहेत. व्यायामाचा छापील कागद इंग्रजीत आहे. मी मराठीत मागितला तेव्हा मॅडमनी मागच्या कोऱ्या बाजूवर हाताने देवनागरीत लिहून दिला, तो अजून माझ्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. पण प्रत्येकाला तसं मागता येत नाही, त्यांनी तो छापूनच घ्यावा. खाटेभोवतीचा पडदा अपुरा होता, बायकांना अवघडल्यासारखं व्हायचं. सांगितल्यावर पुढच्या आठवड्यात नवा लावला. शुक्रवारी जाऊ नका, बाजारामुळे स्टॅण्डपासूनचा रस्ता तुंबलेला असतो आणि गर्दीत दुखऱ्या पायाला धक्के बसतात. रविवारी बंद. कार्ड चालत नाही, मोबाइलवरून पैसे चालतात. पंधरा मिनिटांत मशीन लावून मोकळं व्हायचं असेल तर हे ठिकाण तुमचं नाही. घरी रोज दोनदा व्यायाम केला नाही तर मॅडमना दुसऱ्या दिवशी लगेच कळतं आणि त्या बोलतात.

सगळ्यात मोठी उणीव जिना. सेंटर पहिल्या मजल्यावर, 19 पायऱ्या, लिफ्ट नाही, कठडा एकाच बाजूला. गुडघा घेऊन येणाऱ्याला जिना चढवणं मला अजिबात पटत नाही. जिना चढताना गुडघ्यावर शरीराच्या साधारण तिप्पट भार येतो, हे मॅडमनीच मला सांगितलं होतं. खालचा गाळा मिळाला तर घेणार आहेत म्हणतात. तोवर ती मदतनीस मुलगी खाली येऊन हात देते, फोन केला की लगेच येते.

मे महिन्यात शेवटच्या दिवशी मॅडम स्वतः माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आल्या. मी सवयीने कठडा धरला आणि उजवा पाय आधी खाली टाकला. त्या वरून म्हणाल्या, "ताई, आता कुठलाही टाका."